लोरीनबाईंच्या घरातली जळमटं

६ ऑक्टोबर
आणि लोरीनबाईचं पुन्हा तेच! "पोरा, झाडू फिरवत ने. जळमट खाली पाडायचं नाही, गुंडाळायचं." अहो बाई, गुंडाळतोयच की! गेल्या वर्षीपासून दुसरं काय करतोय मी? दिवसभर डेअरीत गाई पिळायच्या आणि घरी आलं की हिची जळमटं. तळघरातली खोली निम्म्या भाड्यात दिली म्हणून. घरात कोळी येऊ द्यायचे नाहीत, एवढीच अट. एवढीच!

आज बोललोच – फवारा मारू, एका दिवसात खेळ खलास. तर म्हणाली, "विष माझ्या घरात येणार नाही. वर्ल आयुष्यभर शेतात फवारत राहिला. शेवटी त्याला श्वास घेता येईना." वर्ल म्हणजे तिचा नवरा. त्याचं नाव निघालं की मी परत झाडू उचलतो.

९ ऑक्टोबर
नेरीचा फोन. मामेभाऊ आहे, पण बोलतो सासऱ्यासारखा. अलास्कात मासे साफ करतो. "अजून त्या म्हातारीच्या जाळ्यातच का? कॅन्ससमध्ये आहे काय रे – गाई आणि वारा! इकडे ये, दुप्पट मिळतात." माझे पाय तसेही शिवशिवतायत. ओलांचो, माझा मुलूख, सोडल्यापासून एका जागी इतका कधी राहिलोच नाही. टेक्सास सोडलं, नेब्रास्का सोडलं. नोव्हेंबरअखेरचा टर्कीचा सण झाला की हेही सोडायचं. ठरलं.

१४ ऑक्टोबर
ड्वाइट आला होता, तिचा मुलगा, विचिटाहून. आणि नेमका त्यालाच टबात कोळी दिसला! तपकिरी, पाठीवर व्हायोलिनची खूण असलेला. वाईट जात. माझं नशीबच फुटकं.

"आई, हा चावला तर मांस सडतं. या वयात भरून येणार आहे का? वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे."
"तुझ्या घरात नाहीत का कोळी?"
"कंपनीचा माणूस येऊन फवारून जातो."
"तरीच. तुझ्या घरात कुंडीतलं रोपही जगत नाही."
मला हसू आलं. ड्वाइटनं माझ्याकडे असं बघितलं की जणू कोळी मीच पाळलेत. जाताना म्हणाला, सणाला येईन, घरात एक जरी दिसला तरी सामान बांधायचं. वादच नको.

तो गेल्यावर ती नळ सोडून नुसतीच उभी. भांडं एकही नव्हतं. "या घरात नवरी होऊन आले, पोरा. मला इथूनच जायचंय."
मी म्हणालो, एकही दिसणार नाही, बघा तुम्ही. कशाला बोललो! मी तर चाललोय.

१५ ऑक्टोबर
शेताच्या कडेनं हेज ॲपल नावाची रानफळं वेचली. हिरवी, सुरकुतलेली, बकऱ्याच्या मेंदूसारखी. इकडे सगळेच तळघरात ठेवतात, वासानं कोळी पळतात म्हणे. लोरीनबाई तिच्या छोट्या ट्रकमध्ये बसून काठीनं दाखवत होती – ते घे, ते नको, किडकं आहे, डोळे आहेत ना तुला? चिकानं हात काळेकुट्ट झाले, साबणानंही जाईनात.
"कोपऱ्यात एकेक ठेव," म्हणाली. एकेकानं काय होणार? मी ट्रक भरून आणली. माझ्या खोलीत भिंतीला टेकून ढीगच घातला.

२१ ऑक्टोबर
वर एकही कोळी नाही!

२ नोव्हेंबर
फळं सडली. सगळा ढीग! वास असा की गोठा परवडला. त्यावर चिलटं आली, आणि चिलटांमागे कोळी. दर कोपऱ्यात नवं जाळं.
"पोरा, तू त्यांना जेवायला बोलावलंस!" लोरीनबाई हसता हसता खोकायला लागली. मला अजिबात हसू येत नव्हतं.
बादल्या भरभरून राड बाहेर टाकली. जिन्याच्या दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वर चिकटपट्टी. आता वर जाणार नाहीत. खाली माझ्याकडे राहतील. राहू देत. मला कोण वृद्धाश्रमात नेतंय!

८ नोव्हेंबर
डेअरीच्या रबरी बुटात होता. पाय घातला आणि सुई टोचल्यासारखं झालं. चिरडलेला काढून पाहिला – व्हायोलिन. तिला सांगायचं नाही. तिला खोटं बोलता येत नाही, ड्वाइटनं विचारलं की सांगून टाकेल.

११ नोव्हेंबर
घोटा निळा पडलाय. लंगडतोय म्हणून तिनं विचारलंच. गाईनं लाथ मारली म्हणालो. बर्फ आणून दिला आणि त्या गाईला मनसोक्त शिव्या घातल्या. बिचारी गाय.

१८ नोव्हेंबर
डेअरीतून घरी पाठवलं. ताप. जेवायला वर गेलो नाही, तर ती सूप घेऊन खाली आली! गुडघे धरून धरून, एकेक पायरी. माझ्या पायावर काळा खड्डा. तिनं वाटी ठेवली.
"ही कुठली रे गाय?"
मी पाय पांघरुणात ओढला.
"लपवलंस कशाला?"
"तुम्हाला नेतील म्हणून."
ती पायरीवरच बसली. मग म्हणाली, "ऊठ." दवाखाना नको म्हणालो, कागद मागतात, माझ्याकडे कुठले! ऐकते कुठे! ड्वाइटनं गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंय, तरी ट्रक काढला. रस्ताभर मधोमध चालवला. मागचे भोंगे वाजवतायत आणि ही म्हणते, "वाजवू दे, त्यांचा पाय सडलेला नाही." नर्सनं विचारलं, तुमचा कोण? "माझ्या घरातला आहे."

आणि तिथूनच ड्वाइटला फोन लावला. माझ्यासमोर! "कोळी सापडला. नाही, मला नाही चावला. तू ये." मी नको नको ओरडतोय. "गप्प बस! तू खाली सडायचं आणि मी वर सूप ढवळत बसायचं? असलं घर नकोय मला."

२४ नोव्हेंबर
नेलं तिला. सणाचीही वाट पाहिली नाही. पायऱ्या उतरताना मागं वळून बघितलं नाही, मलाच म्हणाली, "पट्टी रोज बदल." ड्वाइट माझ्या पायाकडे बघत बोलला – घर वसंतात विकायला काढेन, तोवर राहा, भाडं नको.

वर गेलो. सगळं स्वच्छ. कुठंच बसवेना.

२९ नोव्हेंबर
नेरी विचारत होता, निघालास का? नाही म्हणालो. दर रविवारी दुपारपुरतं तिला इकडे आणायचं कबूल केलंय ड्वाइटनं, मग वरचे कोपरे कोण झाडणार? पाय भरेपर्यंत अर्धाच दिवस काम आहे. ओलांचोला आईला या वेळी पाठवतोय – पस्तीसच डॉलर.