दिवाणाच्या मापाची गादी

५ जानेवारी, सोमवार

नाही झाली झोप. डाव्या कुशीला वळलं की कमरेत कळ, उजव्या कुशीला वळलं की खांदा बधिर. पाठीवर मी आयुष्यात कधी झोपले नाही. पाठीवर आडवं झालं की मला दवाखान्यात असल्यासारखं वाटतं.

हॉलमधल्या या दिवाणावर मी गणपतीत आले. ‘चार दिवस’ म्हणून! रात्री कूस बदलताना तोंडातून ‘आई गं’ निघायचं आणि राजेंद्र दचकून उठून बसायचे. त्यांची झोप सावध. म्हटलं, बिचाऱ्यांची कशाला मोडायची. त्या चार दिवसांची आता संक्रांत आली.

आत बेडवर आमच्या दोन कापसाच्या गाद्या, शेजारी शेजारी, मधे फट. त्यांची त्यांना बरोबर आहे. माझीत कमरेच्या जागी खड्डा.

मला माझ्या खोलीत परत जायचंय. एवढंच. बत्तीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपले, आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी झोपते. रात्री वळताना आवाज होणार नाही अशी गादी पाहिजे. म्हणजे गादीचा नाही, माझा!

६ जानेवारी

राजेंद्रांचा सल्ला (जुनाच): “कडक पाहिजे. जितकं कडक तितकं चांगलं. आमचे नानासाहेब जन्मभर सतरंजीवर झोपले, कधी कंबर दुखली नाही.”

नानासाहेब म्हणजे माझे सासरे. देवगाव रंगारीला शेती. कंबर दुखली असती तरी त्यांनी कुणाला सांगितलं असतं?

तरी ऐकलं. आज फरशीवर सतरंजी.

७ जानेवारी

सकाळी उठता येईना. कुशीवर झोपलं की फरशीला दोनच गोष्टी टेकतात, खांद्याचं हाड आणि मांडीचं हाड. मधली सगळी मी लोंबकळत. राजेंद्रांनी हात देऊन उठवलं. वर म्हणतात, “सवय नाय तुला.” स्वतः पाठीवर झोपतात, सरळ, फळीसारखे. त्यांना काय कळणार!

९ जानेवारी

आमच्या पेपरची पुरवणी वेळेत गेली. नऊ तास खुर्चीत. काम संपल्यावर जुन्या फायलीत शोधलं. गेल्या वर्षी आमच्याच पुरवणीत, माझ्याच हाताखालून गेलेला लेख: ‘गादी निवडताना आपल्या शरीराची ठेवण लक्षात घ्यावी.’ घ्यावी म्हणजे काय घ्यावी? कशी? हे वाक्य मी तपासून, शुद्धलेखन बघून, छापायला सोडलं होतं. वाचक बिचारे.

११ जानेवारी, रविवार

माझी गादी रिक्षात घालून औरंगपुऱ्यात नूरमोहम्मदकडे पिंजायला नेली. त्यानं शिवण उसवून कापूस हातात घेतला.

“ताई, ये रुई कब की?”

“लग्नातली.”

“मग बरोबर आहे. आता ती दमली. नवी टाकतो, एकदम टाइट.”

“टाइट नको. मी कुशीवर झोपते.”

“टाइट नाय केली तर महिन्यात फिर खड्डा. फिर मेरेको बोलना नहीं.”

राजेंद्र मागून: “टाइटच करा!”

दोघांचं जमलं. माझी गादी, माझी कंबर, ठरवणारे हे दोघं!

१४ जानेवारी, संक्रांत

गादी आली. फुगून टम्म. मधे उंच आणि दोन्हीकडे उतार. कुशीवर झोपले की घरंगळते. राजेंद्र दारात उभं राहून म्हणाले, “दोरीनं बांधू का तुला?” आणि हसायलाच लागले. मलाही हसू आवरेना. कंबर धरून हसले. बऱ्याच दिवसांनी दोघं एकदम हसलो.

आज खोलीतच झोपते. कशीही असो गादी.

१५ जानेवारी

तीनदा ‘आई गं’. तिसऱ्यांदा राजेंद्र उठून बसले. मी हॉलमध्ये आले.

२१ जानेवारी

मोनालीचा पुण्याहून फोन. “आई, चांगलीशी विकत घे ना एक. कापूस-बिपूस काय घेऊन बसलीस!” लेक बोलते ते बरोबर असतं, फक्त बोलायला सोपं असतं.

२५ जानेवारी, रविवार

जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. गाद्याच गाद्या. काचेची दर्शनी बाजू, रस्त्यावरून सगळं दिसतं. विकणारा मुलगा चुणचुणीत, नाव सत्यम.

“मॅडम, आडवं होऊन बघा ना.”

मी काठाची साडी नेसलेली. दुकानात दोन कुटुंबं, त्यांचे आजोबा, हमाल. मी म्हटलं, “नको नको, बसून कळतंय.” काठावर टेकले, तळहातानं दाबून बघितली. दुसरी, दाबून बघितली. तिसरी. भरताचं वांगं घ्यावं तशी.

राजेंद्रांनी एकीवर मूठ आपटली. धप्प! “याला म्हणतात गादी.”

“सर, कंबरवाल्यांना हीच देतो. लई जणांना देतो.”

घेतली. आधी एकच, माझ्यापुरती. पटली नाही तर वीस दिवसांत बदलून मिळेल. अट: प्लास्टिक फाटता कामा नये.

२६ जानेवारी

गादी दिवाणावर टाकली. राजेंद्र म्हणाले, “इथं पटू दे, मग आत नेऊ.” प्लास्टिक काढू देईनात. “बदलायची झाली तर?” म्हणजे मी प्लास्टिकवर झोपायचं! वर चादर. एवढ्या थंडीत पाठीला घाम, आणि वळलं की कुरकुऱ्याचं पाकीट फोडल्यासारखा आवाज.

२९ जानेवारी

हात बधिर. डावा पूर्ण. बातमीचा मथळा टाइप करताना करंगळी कुठं आहे ते बघावं लागलं. कंबर आहे तशीच. प्लास्टिक आहे तसंच.

राजेंद्र: “पंधरा दिवस दे तिला.” मी म्हटलं, तुम्ही द्या. तुम्ही झोपा. तर म्हणे, “माझी गादी चांगली आहे की!”

ओरडले नाही. मला ओरडता येत नाही, हा माझा जुना दोष. ऑफिसात सगळे म्हणतात, संध्याताई शांत आहेत. शांत! दात आवळून आवळून जबडा दुखतोय.

२ फेब्रुवारी, सोमवार

अपेक्षाकडे गेले. फिजिओथेरपिस्ट, मोनालीच्याच वयाची. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “काकू, दुकानात कुशीवर झोपून बघितली होती का?”

“दुकानात?”

“मग कुठं?”

“हातानं दाबून बघितली.”

“तुम्ही हातावर झोपता का?”

मग तिनं नीट सांगितलं. पाठीवर झोपणाऱ्याला कडक चालते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि मांडीचं हाड गादीत थोडं आत गेलं पाहिजे आणि कमरेला खालून टेकण मिळालं पाहिजे. फार मऊ असेल तर सगळंच आत जातं, कंबर वाकते. मागून बघितलं तर मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसायला हवी. गुडघ्यांमध्ये उशी. “आणि आपल्या कुशीवर चांगली पंधरा मिनिटं पडून राहायचं. लाजायचं नाही.”

लाजायचं नाही. चप्पल घालून चालून बघते, बांगडी हातात चढवून बघते. गादी तेवढी तळहातानं. दुकानात आडवं व्हायचं नाही, हे मला कधी कुणी शिकवलं नाही. पण मला येतं.

आठ हजार शब्दांची पुरवणी चाळून काढणारी बाई मी. एवढा साधा प्रश्न मला पडू नये?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुटी. पंजाबी ड्रेस घातला, मुद्दाम दुपारची वेळ. राजेंद्रांना म्हटलं, मागून बघा, रेघ सरळ दिसते का. दुकानाच्या दारापर्यंत ‘हो हो’ म्हणाले. मी पहिल्या गादीवर आडवी झाले आणि वळून बघते तर हे नाहीत! काचेबाहेर पानटपरीजवळ, रस्त्याकडे तोंड करून उभे. जसं काही मला ओळखतच नाहीत.

पहिली कणकेसारखी. रुतले ती रुतलेच. सत्यमनं हात दिला तेव्हा निघाले.

दुसरीवर होते तेव्हा डोक्यावरून आवाज, “अगंबाई, संध्या! चक्कर आली का गं?” आमच्या जुन्या कॉलनीतल्या गीताबाई. सुनेसाठी उशा घ्यायला आल्या होत्या. म्हटलं, नाही हो, गादी बघतेय. त्या खाली वाकून, हळू आवाजात: “अशी? लोक बघतायत की.” आणि माझी ओढणी पायांवर नीट पसरून गेल्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि तेवढ्यातच वाटलं, बरं झालं पसरली.

तिसरी. ना मऊ ना कडक. वरचा थर आत जातो, मग खालून कुणी तळवा धरल्यासारखं थांबवतं. खांदा बसला. कमरेखाली पोकळ वाटेना. घरची उशी नेली होती, ती गुडघ्यांत धरली. डोळे मिटले.

चक्क झोप लागली. जालना रोडवर, काचेत, भर दुपारी!

जागी झाले तेव्हा सत्यम लांब स्टुलावर बसलेला. “उठवलं नाय मॅडम. हीच ना मग?”

“हीच.”

“जुनी परत घेतो. आता घेताच आहात तर, सिंगल की डबल? डबलवर ऑफर चालू आहे.”

“डबल,” मी म्हणाले.

“सिंगल,” राजेंद्र म्हणाले. कधी आत आले होते कोण जाणे.

दोघं एकदम बोललो. सत्यम आमच्याकडे आळीपाळीनं बघायला लागला.

“दिवाणाच्या मापाची द्या,” राजेंद्र त्याला म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, फोन करून सांगते.

६ फेब्रुवारी

पान वेळेत लावलं. मथळ्यात चूक राहिली. माझ्या पानावर मथळ्यात चूक राहत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज विचारलं. चहा घेताना, सरळ. दिवाणाच्या मापाची का?

आधी म्हणाले, “तुला मऊ लागते, मला कडक.” म्हटलं, मग माझ्या बाजूला मऊ, तुमच्या बाजूला तुमची. आताही दोन वेगळ्याच आहेत की. मग म्हणाले, “उंची वरखाली होईल.” म्हटलं, होऊ दे. मग पेपर घडी करून ठेवला.

“खरं सांगू? रागावणार नाहीस ना?”

“सांगा.”

“मला गणपतीपासून सलग झोप लागते. एकदम सकाळीच जाग येते. लग्न झाल्यापासून अशी लागली नव्हती.”

मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं.

“त्यात तुझं काही नाही गं.”

“मग कुणाचं?”

“वय झालं आता आपलं. कोण बघतंय?”

“मी बघते,” मी म्हणाले.

ते कप ठेवायला आत गेले.

मी या फळीवर पाच महिने ‘आई गं’ गिळून पडून राहिले, का, तर त्यांची झोप मोडू नये. तिकडे ते मजेत घोरत होते. मला वाटत होतं, बिचारे एकटे पडलेत. रोज सकाळी विचारायचे, “लागली का झोप?” मी कधी उलट विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. खोटं बोलणारा माणूस नाही. तोच तर राग येतोय!

९ फेब्रुवारी

सत्यमला फोन केला. सिंगल पाठव म्हटलं.

“दिवाणाची ना मॅडम?”

“तीन बाय सहा. तेच माप.”

बेडच्या माझ्या अर्ध्या बाजूचंही तेच माप आहे. हे त्याला सांगायची गरज नव्हती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी गादी आली. पोरांनी विचारलं, “काकू, कुठं टाकायची?” मी खोली दाखवली. माझी बाजू. त्यांच्यासमोरच प्लास्टिक फाडून काढलं.

रात्री राजेंद्र त्यांच्या गादीवर थोडा वेळ बसले. मग पांघरूण आणि चष्मा घेतला आणि हॉलमध्ये गेले. जाताना दार ओढून घेतलं, हळूच, आवाज न करता.

रात्रभर डाव्या कुशीवर होते. कंबर दुखली नाही.