भैरवी झाल्यावर

१७ फेब्रु. १९८५, रविवार

सकाळची ड्यूटी. मालगाडी येईपर्यंत फाटक बंद. पलीकडं दवाखान्याच्या रत्नमाला सिस्टर सायकल धरून उभ्या. भीमनगरच्याच, आपल्याच गावची लेक. लस टोचायला निघाल्या होत्या. तिकडूनच ओरडून विचारलं, "नाना, तुमची पेटी काळी चारमधी वाजती का?"

म्हटलं, पेटी कशातही वाजते. गळ्याचं विचारा.

मग फाटकाखालून वाकून इकडं आल्या आणि सगळं सांगितलं. त्यांची आजी ठकूबाई पालमकरीण. निजामाच्या काळात जत्रांमधून एकटी खेळ करायची. गाणं म्हणायची आणि नकला करून लोकांना हसवायची. जहागीरदार तीच, त्याची बायको तीच, त्याचं खेचरही तीच. सिस्टरनी आजीवर नाटक लिहिलंय. माणूस एकच, त्या स्वतः. मधून मधून आजीची गाणी. हनुमान जयंतीला देवळाच्या मांडवात करणार, दुपारी तीनला, बायका मोकळ्या असतात तेव्हा. पेटीला मी हवा.

गाडी गेली. फाटक उघडलं. हो-नाही काहीच बोललो नाही. फाटक उघडताना मला बोलणं सुचत नाही, ते जुनं आहे.

२० फेब्रु., बुधवार

दवाखान्याच्या ओसरीवर गेलो. नुसतं ऐकायला, असं सौ.ला सांगून; पेटी मात्र बरोबर. सिस्टरनी बँडेजचा अख्खा रोल डोक्याला गुंडाळला, झाला फेटा. पदर खोचला, झाला जहागीरदार. मान अशी काही ताठ केली की मी नकळत सावरून बसलो.

गाणं उतरवून घेतलं:

मोठ्या वाड्याची बारकी दारं, मिशा धन्याच्या लांब गं
बायको गेली आत, बाहेरून धनी म्हणतो थांब गं

मिशी कापावी का दार पाडावं, पंच बसले न्यायाला गं
न्याय राह्यला बाजूला, मागती पान खायाला गं

तिसरं कडवं सिस्टरला येत नाही. न्याय काय झाला ते आजीबरोबर गेलं. त्यांनी स्वतः दोन-तीनदा जोडून पाहिलं, लागत नाही.

हसता हसता माझा भात्यावरचा हात सुटला. तीस वर्षांत पहिल्यांदा. देवळात कधी सुटला नव्हता.

३ मार्च, रविवार

आज अडलं. नाटकातला एक भाग असा: मोठ्यांच्या घरी कार्यक्रम असला की आधी बोलावलेले गवई गायचे, शेवटी भैरवी व्हायची, पाहुणे उठायचे. मग ठकूबाईला मागचं अंगण मिळायचं. लोक म्हणायचे, भैरवी झाली बाई, आता कसलं गाणं? ती म्हणायची, "ती तुमची भैरवी. माझं आत्ता कुठं सुरू व्हायलंय." आणि भैरवीतच नकलेचं गाणं धरायची.

मी सिस्टरला सांगितलं, हा भाग गाळा. मला पेटी शिकवणारे रामजी गुरव एकच गोष्ट दोनदा सांगायचे. भैरवी झाली की पेटीवर कापड घालायचं. त्यानंतर सुराला हात लावणं म्हणजे देव निजल्यावर दार वाजवणं. तीस वर्षं मी भैरवीनंतर पेटीला हात लावलेला नाही.

सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासाठी गाळते नाना. आजी असती तर गाळलं नसतं."

२२ मार्च, शुक्रवार. पाडवा

गुढी उभारली. कडुलिंब, गूळ. नंतर देवळात भजनी मंडळ बसलं. हरिभाऊ आमचा विणेकरी. एका पाटीवर शिकलो दोघं. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मारुतीपुढं वाजणारी पेटी नकलेला वाजणार का?"

मी: मांडव गावचा, पेटी माझी.

मागून कुणीतरी: "आधी विद्यापीठाला नाव मागितलं, आता मांडव मागायलेत."

कोण ते पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता.

सरपंचानं सिस्टरला शब्द दिलाय, तो मोडता येत नाही. म्हणून हरिभाऊनं मला धरलं. "करू दे तिला. पण तू वाजवलीस, तर शनिवारच्या भजनात तुझी जागा तुझी न्हाई. इचार कर नाना."

माझी जागा म्हणजे गाभाऱ्याच्या डाव्या हाताचा खांब. अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून पाठ त्यालाच टेकलीय. तेवढ्या दगडाला तेलकट डाग पडलाय माझ्या पाठीचा.

२३ मार्च, शनिवार

भजनाला गेलो. वाजवलं. घरी आल्यावर लिहायचं ठरवलं ते लिहितो.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा. नामांतरावरून पेटलं होतं ते दिवस. दुपारी दोन ट्रॅक्टर माणसांनी भरून फाटकाशी आले. ओळखीचे होते, अनोळखीही होते. गाडी नव्हती. नियमानं फाटक उघडायचं, मी उघडलं. कुठं चाललात, एवढंही विचारलं नाही. तासाभरानं भीमनगरकडून धूर. सिस्टर तेव्हा परभणीला शिकायला होत्या. त्यांच्या आईचं छप्पर त्यात गेलं. ठकूबाईची गाण्यांची वही छपराच्या आढ्याला बांधलेली होती, हे मला आत्ता, या महिन्यात कळलं. तिसरं कडवं आजीबरोबर नाही गेलं. त्या धुरात गेलं.

सिस्टरनी हे सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. फाटकावर तेव्हा कोण होतं हे त्यांना ठाऊक असणारच.

पेटी वाजवणार.

३० मार्च, शनिवार. रामनवमी

जन्माला वाजवलं. हरिभाऊ: "ठरलं का?" मी: ठरलं. तो: "मग पुढचं तू जाण."

सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तीस वर्षं देवापुढं बसून एकदा तरी हसलाव का? आता बायांना तरी हसवा." नंतर तवा उतरवताना हळू आवाजात, "जागा जाईल पण तुमची."

हो. जाईल.

४ एप्रिल, गुरुवार

शेवटची तालीम. गाणी सगळी बसली. सिस्टरला ताप, तरी उभ्या. म्हटलं, उद्या जमेल का? "नाना, तुमी ऐनवेळी उठलाव तरी मी करणार. पेटी नसली तर इंजेक्शनचा ट्रे वाजवीन."

मी उठणार नाही म्हणून सांगितलं. पण त्यांनी ट्रे पिशवीत घातलाच. माझ्यासमोर घातला.

५ एप्रिल, शुक्रवार. हनुमान जयंती

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

पहाटे जन्म, नंतर महाप्रसाद. दुपारचं भजन दरवर्षी ऊन उतरेपर्यंत चालतं, मध्ये तासभर थांबतं. त्या तासात सिस्टरचं नाटक ठरलेलं. भैरवी दिवस मावळताना. कायम.

अडीचला हरिभाऊनं एक अभंग उचलला. माझे डोळे मिटलेले असतात भजनात. बोटं गळ्यामागं जातात, ती मला विचारत नाहीत. दुसरी ओळ संपली तेव्हा लक्षात आलं, ही भैरवी. तोवर मी निम्मी वाजवली होती. मध्येच हात काढणं मला जमलं नाही. देवाचं नाव चालू होतं. पुरी वाजवली, नेहमीसारखी. चांगली वाजवली हे जास्त लागतंय.

हरिभाऊनं वीणा उतरवली आणि लाउडस्पीकरवर सांगितलं, "भैरवी झाली. आजचा सूर संपला. नानाच्याच पेटीवर झाली, आता इथं कुणी गाऊ नये."

सात वर्षांमागं फाटक उघडलं ते माझ्या हातानं. आज लावलं तेही माझ्या हातानं.

बाया उठायला लागल्या. त्यांचाही दोष नाही, भैरवीनंतर बसायचं नसतं हे त्यांना आयांनी शिकवलंय. सौ. सवयीनं पेटीचं कापड घेऊन आली. मांडवाच्या खांबाशी सिस्टर उभ्या. डोक्याला बँडेज, काजळानं काढलेल्या मिशा गालावरून कानापर्यंत. हातात ट्रे.

माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "नाना, तुमी गाळायला लावलेला भाग घेऊ का?"

रामजी गुरव आठवले. मग समोरचा मारुती पाहिला. शेपटीला चिंध्या बांधून घेऊन भर दरबारात उभा राहिलेला देव. तो हसण्याला भिणार नाही. आणि भैरवी झाली म्हणून निजणारही नाही, कुणाचं घर जळत असेल तर.

कापड घेतलं, घडी केली, मांडीखाली घातलं.

"घ्या," म्हटलं. माईक चालूच होता, माझा आवाज पार वेशीपर्यंत गेला.

सिस्टर मधोमध आल्या. कमरेवर हात. "झाली का भैरवी? मोठी माणसं गेली का घरला? बरं झालं. आता आपुन बसू."

एक बाई खाली बसली. मग चार. मग मी सूर दिला, भैरवीचाच. भाता बरोबर चालला.

त्यानंतर सव्वा तास. जहागीरदार, त्याची बायको, खेचर. खेचर जहागीरदारापेक्षा शहाणं. ठकूबाईला एका गावात दगड मारले तो भाग सिस्टरनी न रडता केला. दगड उचलून कानाशी धरला आणि म्हणाल्या, "ह्यो पण बेसूर हाय." हसावं का गप्प बसावं, मांडवाला कळेना.

मिशीचं गाणं आलं. दोन कडवी झाली, पंचांनी पान मागितलं, आणि सिस्टर थांबल्या. "पुढं न्याय काय झाला ते माझ्यापाशी न्हाई बायांनो. वही जळाली." एवढंच. कुणी जाळली ते नाही. मी पेटी धरून ठेवली, एकाच सुरावर.

पुढच्या रांगेत हरिभाऊची आई बसलेली. ऐंशीच्या पुढची. कान अधू म्हणून पुढं आणून बसवलेली. ती बसल्या जागेवरून गायला लागली, फाटक्या आवाजात:

मिशी न कापा, दार न पाडा, करू नका गलबला गं
बाहेर निजू द्या मिशीवाल्याला, आतून कडी घाला गं!

मांडव फुटला हसून. सिस्टर पळत तिच्यापुढं जाऊन बसल्या. "माय, तुमी ऐकलं व्हतं?"

"पोरगी व्हते मी. भिंतीवरून बघितलं चोरून. मार खाल्ला लय." मग मान वळवून मांडवाबाहेर, "ए हरी! तुझ्या बापाच्या मिशा बी अशाच व्हत्या रं!"

हरिभाऊ मांडवाबाहेर पाठ करून उभा होता. गेला नव्हता. त्याचे खांदे हलले. हसून का रागानं, मागून कळलं नाही.

पेटी उघडीच घरी आणली.

६ एप्रिल, शनिवार

ड्यूटी. भजनाला जाता आलं नाही. फाटकावर सहा जणांनी सुनावलं, दोघांनी बिडी दिली. ट्रॅक्टरवरचा एक जण, अठ्ठ्याहत्तरच्या ट्रॅक्टरवरही होता तो, म्हणाला, "नाना, लय इज्जत घालवलीस." मी म्हटलं, कुठं चाललास ते सांग, मग उघडतो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. सांगेपर्यंत उघडलं नाही. शेताला चालला होता.

१० एप्रिल, बुधवार

सिस्टर येऊन गेल्या. एकवीस तारखेला, रविवारी, पूर्णेला दुसरा प्रयोग. रेल्वेच्या लोकांनी बोलावलंय. येणार म्हटलं. जाताना फाटकाशी थांबल्या. मी अठ्ठ्याहत्तरचं बोललो, सात वर्षांनी. फार नाही, दोन वाक्यं.

"ठाऊक हाय नाना," म्हणाल्या. "म्हणून तर पेटी तुमची मागितली."

यात माफी होती का नव्हती, दिवसभर विचार करतोय. मागण्याची हिंमत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

फाटकावर बसून लिहितोय. संध्याकाळची ड्यूटी.

दिवेलागणीच्या आधी पेटी घेऊन देवळात गेलो. माझ्या खांबाशी टाळांची पेटी आणून ठेवलेली. ती उचलून बाजूला केली, माझी ठेवली, बसलो. मंडळी आली. कुणी बस म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही. हरिभाऊ गळ्यात वीणा घालून समोर उभा.

"भैरवीनंतर वाजलेली पेटी बाटली, नाना."

"मग दे धुवून. मी इथं बसतो तोवर."

मृदंगवाला हसला आणि लगेच खोकला. हरिभाऊ गायला सुरुवात करेना. मी सूर दिला, त्याचाच, काळी दोन. आयुष्यभर दिला तो. धरून ठेवला. त्यानं धरला नाही. तोंड उघडलं एकदा, मिटलं. पायरीवर बसलेली त्याची आई म्हणाली, "हरी, सूर लागलाय रं."

तेवढ्यात ड्यूटीची वेळ झाली. मी उठलो, पेटी उचलली नाही. तिथंच ठेवली, खांबाशी, उघडी. कापड आणलंच नव्हतं. मारुतीला हात जोडले, हरिभाऊलाही जोडले, आणि निघालो.

एकवीसला पूर्णेला पेटी लागणार आहे. खांबाशी असली तर खांबापासून उचलीन. पायरीवर टाकलेली असली तर पायरीवरून. आणून पुन्हा खांबाशीच ठेवीन.

पॅसेंजर गेली. फाटक उघडलं. वारा देवळाकडूनच येतोय. टाळ ऐकू येतायत, मृदंग ऐकू येतोय. पेटी ऐकू येणार नाही, ती वाजवणारा मी इथं आहे.

हरिभाऊचा आवाज अजून आलेला नाही. तो माझ्या सुरात उचलतो का दुसऱ्या, तेवढं कळेल आता. कान लावून बसलोय.