सिकोर्काची मागची खुर्ची

मी, टेओफिला पिटोन, कै. बोगुमिल यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नोव्ही तार्ग, जन्मभर ग्लायडरचे पंख घडवणारी, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि सपाटून भूक लागलेली असताना लिहून ठेवते. कोणाचाही दबाव नाही. म्हणजे, मुलीचा आहे. ओटिलिया आमच्या नव्या ग्लायडरची, सिकोर्काची, वैमानिक. ती म्हणाली, "आई, मागच्या खुर्चीत बसायचंय ना? मग आधी मृत्युपत्र लिही. डॉक्टर हो म्हणाले म्हणून मी निश्चिंत नाही झाले." कार्टी माझ्यावरच गेली आहे.

१. घर, अंगण व कोठार ओटिलियाला. खिडकीबाहेर चरबीचा गोळा दर हिवाळ्यात टांगावा. तो टोचायला येणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचंच नाव आम्ही ग्लायडरला दिलं आहे.

२. बँकेतल्या शिल्लकीतून माझ्या दफनानंतरचं जेवण करावं. सूप पातळ करू नये. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

३. माझी जाऊ बाल्बिना हिला तिचे मखमली पडदे परत, धुऊन. बोगुमिल गेल्यावर "तो ग्लायडरचा सांगाडा मोड आणि कोठारात पाहुण्यांना खोल्या काढ" असं सांगून गेली होती. तिने टाकून दिलेल्या त्याच पडद्यांचं मी आच्छादन शिवलं. रविवारी अनावरणाला फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, ओटिलियाने आच्छादन ओढलं, आणि ते लांबच लांब पांढरे पंख बघून सगळ्यात आधी रडली कोण, तर बाल्बिना! "अगं बाई, हे आपल्या कोठारात होतं?" होतं, बाई, होतं. तुला सगळं माफ.

४. माझ्या कानशी, रंधे व पंखांचे साचे झेनोन रुसनाक याला. हे वाचून गाव चाट पडेल, कारण आमचा अबोला जगजाहीर आहे. झेनोन बोगुमिलचा जिवलग. दोघांनी मिळून सिकोर्का कागदावर काढली, वाऱ्यावर स्वार होऊन थेट वातावरणाच्या वरच्या थरात, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, जायला. झेनोन म्हणाला, "एकच खुर्ची ठेव. वजन कमी, उंची जास्त." बोगुमिल म्हणाला, "दोन. टेओफिलापण येणार." त्यावर हा शहाणा म्हणाला, "स्ट्रॅटोस्फिअरला निघालोय की म्हाताऱ्यांच्या सहलीला?" तेव्हापासून मी याच्याशी बोलले नाही. बोगुमिलच्या दफनाला आला, टोपी काढून रडला, तरी नाही.

पण गेल्या आठवड्यात जुळणीला त्याला बोलावावंच लागलं. पंख धडाला जोडताना एकजण लांब टोक धरतो, दुसरा धडापाशी खीळ घालतो. टोक जरा हललं की भोकं जुळत नाहीत. टोकाशी झेनोन, खिळीपाशी मी, मध्ये ओटिलिया.

"त्याला सांग, वर घे."

"काका, वर."

"तिला विचार, किती?"

निरोप पोचेपर्यंत टोक भलतीकडेच! असं करता करता सगळ्यांचे हात भरून आले. शेवटी माझाच संयम सुटला. "अरे झेनोन, गाढवा, केसभर वर! केसभर म्हटलं, हातभर नाही!" खट्ट. खीळ बसली.

तिकडून आवाज आला, "टेओफिला, बरी आहेस ना गं?"

पंखाला टेकून दोघंही हमसून रडलो, आणि मग जे हसत सुटलो ते ओटिलिया ओरडेपर्यंत.

५. सिकोर्काची मागची खुर्ची. बोगुमिलने ती माझ्यासाठी ठेवली, म्हणून डोंगरावरून ग्लायडरला उंच उचलणारा पहिला हाल्नी वारा सुटेल तेव्हा त्या उड्डाणात मीच बसेन. बोगुमिलची टोपी मांडीवर असेल. यावर चर्चा नाही. मी परत आले नाही तर रडावं, पण ग्लायडरला बोल लावू नये.

मी परत आले, तर वरचं सगळं रद्द समजावं, पण हे कलम रद्द होणार नाही: दुसऱ्या उड्डाणात त्या खुर्चीत झेनोन रुसनाक बसेल. जी खुर्ची नको म्हणत होता, तीच. आणि तो निघताना, पंख जमिनीला टेकू नये म्हणून धरावं लागतं ते पंखाचं टोक मी धरीन.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मला हवेत.

टेओफिला पिटोन
नोव्ही तार्ग, १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
बाल्बिना पिटोन (पडदे नकोत. पुन्हा झाकायला लागतील.)
झेनोन रुसनाक (मान्य. लवकर परत ये, टेओफिला. मी टोक धरून उभा आहे.)