आईच्या गळतीविषयी

कोल्हापूर, श्रावणातला तिसरा बुधवार

तीर्थस्वरूप आक्कांना, धाकट्या शालनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुमच्या कृष्णातच्या हाती पाठवलेले सामान पोचले ते असे: आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाच किलो, काजूकणी अर्धा किलो आणि आईची पिंडीवर टांगायची तांब्याची गळती एक. स्टँडवरून रिक्षाचे चाळीस रुपये झाले (तो चालत आला असता, पण गळती घेऊन चालताना लोक बघतात म्हणाला). पोच द्यायला तीन आठवडे लावले, त्याचे कारण पुढे येते. गुडघ्याला आराम आहे का? तेल चोळता, की बाटलीला नुसता नमस्कार करता? फोनच केला असता, पण फोनवर बोलूनच हे सगळे झाले, म्हणून लिहिते.

गळती इतकी सुरेख आहे की पिंडीवर थेंब पडताना आईच जवळ बसल्यासारखी वाटते. पण दर दोन तासांनी स्टुलावर चढून ती भरायची, आणि माझे गुडघे तुमच्याच वळणाचे. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळची सलाईनची नळी मी धुऊन ठेवली होती (मी काही टाकत नाही, तुम्ही जाणताच). ती मोरीच्या नळाला जोडून गळतीत सोडली. अखंड अभिषेक! पिंडीखालच्या भांड्यातून सांडेल ते पाणी मोरीत. आमच्या गल्लीला यंदापासून चोवीस तास पाणी आहे, तेव्हा ही सोय देवानेच केली असे मला वाटले.

सोय पाणीपुरवठ्याच्या ऑफिसने केली होती, आणि गल्लीच्या पाइपला एक सेन्सरही बसवला होता. किती पाणी जाते ते हा सेन्सर ऑफिसातल्या एआयला कळवतो, आणि पाणी उगीच जाताना दिसले की ते एआय बाईच्या आवाजात फोन करते. मला वाटले खरीच बाई. इतकी गोड बोलली! आपल्या घरी गळती आहे का, होय तर एक दाबा, नाही तर दोन. मी एक दाबले. कधीपासून आहे? म्हटले, श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून. थेंबथेंब आहे की धार? "थेंबथेंबच हो बाई, धार लागली तर अभिषेक कसला?" दुरुस्तीला माणूस पाठवू का? "दुरुस्तीला नको, दर्शनाला पाठवा." तिने नोंद घेतल्याचे सांगितले. आक्का, मला वाटले सरकार आता भाविकांची यादी करते आहे.

एवढ्यावर राहिले असते तर बरे. शेजारीही गळती आहे का हे पडताळायला त्या बाईने सगळ्या गल्लीला फोन लावले, आणि मी दारोदार जाऊन सांगून आले होते, होय म्हणा, मान आहे. नऊ घरांनी म्हटले. शेजारच्या चिमणाबाईंच्या देव्हाऱ्यात पिंडसुद्धा नाही, पण मागे पडायला नको म्हणून त्यांनी दोनदा एक दाबले. एका गल्लीत इतक्या गळत्या, म्हणजे रस्त्याखालची मोठी पाइपलाइनच फुटली, असा एआयने अर्थ लावला. शनिवारी रस्ता खणला, दोन दिवस पाणी बंद. सापडले काय, तर कोरडी माती आणि कुणाची तरी एक चप्पल.

चिमणाबाई खड्ड्याच्या काठावरून ओरडत होत्या, "मशीन हाय का येडं? चांगला रस्ता फोडून ठेवलाय की!" सेन्सर बसवणारा उदयसिंह, ठेक्यावरचा माणूस, दोन लेकरांचा बाप. सोमवारी पाणी सुटल्यावर माझ्याच दारात येऊन म्हणाला, "काकू, मशीन खोटं बोलत न्हाय. ह्या गल्लीत रातंदिस कुठंतरी पाणी जातंय." आणि माझ्या पाठीमागे गळती टप टप करत होती. आवाज झाकायला मी मोठमोठ्याने शिवाचे नाव घेऊ लागले. तो बिचारा चपला काढून, हात जोडून उभा राहिला.

मग गल्लीने निवेदन द्यायचे ठरवले, की मशीन काढा आणि बसवणाऱ्यालाही काढा. लिहायचे कुणी? मॅट्रिक झालेली, अक्षर बरे, कुणाचा नळ टपकला तर घरात शिरून बंद करणारी मी. मी लिहिले, आक्का. 'सदर यंत्र असत्य बोलते' हे वाक्य माझे. सगळ्यांनी वाहवा केली. निवेदन पोचले, आणि आता उदयसिंहाने साहेबांना शुक्रवारपर्यंत खुलासा दिला नाही तर त्याचे काम जाणार. घरी येऊन मोरीत बादली लावून बघितली, दिवसाला अकरा बादल्या! तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालणारी मी. पिंडीकडे पाठ करून जेवले.

काल नळी काढली. पण सांगायला तोंड उघडत नाही, ह्यांच्यासमोरही नाही. माझे तोंड कागदावरच उघडते.

आपली,
शालन

ता. क. अक्षर पुसट दिसेल, कारण ही कार्बनची प्रत आहे. शाईची प्रत आज, गुरुवारी, उदयसिंहाच्या साहेबांना स्वतः नेऊन दिली. तोंडाने सांगवत नव्हते, आणि हे दोनदा लिहिण्याचे बळ नव्हते. चिमणाबाईंचे दोनदा दाबणे त्या प्रतीत खोडले आहे, लाज एकाच घरात राहू दे. तुमचे गुडघे मात्र खोडायचे राहिले. साहेबांनी शेवटपर्यंत वाचून आधी तुम्हाला आराम आहे का ते विचारले. उदयसिंह एवढेच म्हणाला, "काकू, ती नळी द्या की. फाइलीला लावतो."

आणखी एक, आणि हा ता. क. लिहिण्याचे खरे कारण हेच. गळती आता मी स्टुलावर चढून हाताने भरते. दुपारी त्या बाईचा पुन्हा फोन आला, आपल्या घरची गळती बंद झाली का, होय तर एक, नाही तर दोन. एक दाबावे तर ऐन श्रावणात पिंडीवरचे पाणी बंद झाले असे माझ्या हातून नोंदवले जाते. दोन दाबावे तर रस्ता खणतात. काही न दाबता फोन घनसाळाच्या डब्यात ठेवला आहे. मधूनमधून तांदूळ वाजतो. एक की दोन, तेवढे उलट टपाली कळवा.