कोंडाबाईने फेकलेला दगड

मी, बयाबाई भगवंत पिंगट, वय अंदाजे पंचाहत्तर, धंदा शेती, राहणार बेल्हे, तालुका जुन्नर. हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, राजीखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी धाकटी जाऊ कोंडाबाई हिचं मत वेगळं आहे, पण ते कोणी विचारलेलं नाही.

१. दोन्ही म्हशी सून कल्याणी हिला. त्या मला लाथ मारतात, तिला मारत नाहीत.

२. राहतं घर मुलगा अमृत याला, पण कलम ४ मधली अट पुरी झाल्यावर.

३. चुलीपाशी एक दगड आहे, तळहातात मावेल एवढा, एका बाजूने निमुळता. १९६८ साली नदीकाठच्या रानाच्या बांधावरून कोंडाबाईशी भांडण झालं. तिने हाताशी आला तो दगड फेकला. माझी डावी भुवई फाटली. पंचांना दाखवायला मी दगड घरी आणला. पंचांनी दोघींनाच दटावून वाटेला लावलं. राग विसरू नये म्हणून दगड ठेवून घेतला आणि त्याने लसूण ठेचत राहिले. सव्वीस वर्षं आम्ही बोललो नाही. वकीलसाहेब म्हणतात, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

१९९४ साली कॉलेजची मंडळी नदीकाठी जुनी हत्यारं शोधायला आली. त्यांतली आरती ताक प्यायला घरी आली आणि दगड बघून ताक विसरली.

"आजी, हा तुमच्या हाताला कुठं लागला?"

"हाताला न्हाई, कपाळाला."

तिने दगडाची एकेक टवका उडालेली जागा दाखवली. "ही धार कोणीतरी मुद्दाम काढलीय. काही लाख वर्षांपूर्वी. तेव्हा शेती नव्हती, मडकं नव्हतं, गाव नव्हतं."

"आन् बांध?"

"बांधही नव्हता."

त्याच दुपारी मी दगड घेऊन कोंडाबाईच्या दारात गेले. सगळं सांगितलं. तिने तो उलटासुलटा करून बघितला. "मंग ह्यो माझा. फेकला कुणी?" मग खाली मान घालून, "लई लागलं व्हतं का गं, अक्का?"

मी म्हटलं, "लई."

तिने पदराने डोळे पुसले. मला मात्र हसू आलं, मग तिलाही. तेव्हापासून आमचं बोलणं थांबलेलं नाही.

४. आता अमृत आणि कोंडाबाईचा मुलगा बाजीराव त्याच बांधावरून कोर्टात गेलेत. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणून वादातली, माझ्या नावावरची चार हात रुंद पट्टी मी बाजीरावला देते. अमृतला राग येईल. येऊ दे, तेव्हा मी नसेन. दगड आरती आता शिकवते त्या पुण्याच्या कॉलेजला द्यायचा. तो अमृत आणि बाजीरावने एकाच मोटारसायकलवर बसून पोचवायचा. आरतीच्या सहीची पोच आणल्यावरच घर अमृतच्या नावावर होईल.

कोंडाबाई म्हणाली, "तितं माझं बी नाव लिवा." म्हणून कॉलेजात दगडाखाली ठेवायच्या चिठ्ठीवर असं लिहावं: घडवणारा, ठाऊक नाही. फेकणारी, कोंडाबाई. ठेवणारी, बयाबाई.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.

ठिकाण: बेल्हे. दिनांक ११ फेब्रुवारी २००४.
सही: बयाबाई भगवंत पिंगट

साक्षीदार:
१. हौशीराम भिका गुंजाळ, शेजारी. सही.
२. कोंडाबाई जानकू पिंगट, जाऊ. डाव्या हाताचा अंगठा. अंगठा उठवताना म्हणाली, "झालं का तुजं मरून? चल आता, भाकरी गार व्हत्यात."