कार्लाताईचा पलंग

आई,

काल मिरवणुकीत संत मार्टिन होऊन मी घोड्यावरून अर्धा झगा कापून भिकाऱ्याला दिला, केवढ्या टाळ्या पडल्या! पण झगा आधीच कापून चिकटपट्टीने जोडलेला. त्यात माझं काय गेलं?

म्हणून आज माझी अर्धी खोली खरंच दिली. वर्गातली इलोना कार्लाताईच्या पलंगावर झोपलीय. तिची आई हॉस्पिटलात आहे, घरात ती एकटीच.

"काकू रागावतील गं!" ती म्हणाली.

म्हटलं, "आई आधी रागावते, मग जाड रजई काढून देते."

मी पाव आणायला गेलेय. ताई घर सोडून गेल्यापासून त्या पलंगावर तू कुणाला बसूही देत नाहीस, ठाऊक आहे मला. ताई परत आलीच, तर माझा पलंग तिचा. मी खुशाल जमिनीवर झोपेन!

मेरले