नव्या तलंगा आल्या तो आठवडा

५ नोव्हेंबर, सकाळी ७
उज्वला लातूरला गेली. आमच्या लेकीच्या, गीतांजलीच्या, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, नातू लहान, आठ दिवस घरात कोणीतरी पाहिजे. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली. आज नव्या पाच तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, येतील. जुन्या तिघींपासून आठ दिवस जाळीपलीकडे ठेवायच्या. जाळीतून ओळख झाली की मग एकत्र. मी म्हणालो, काळजी नको. उदगीर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. बाजाराच्या दिवशी एका गाडीत नव्वद माणसं बसवली. आठ कोंबड्या म्हणजे आरामच.

दुपारी १२
मेव्हणा आदिनाथ निलंग्याहून तलंगा घेऊन आला. मी कॉटवर बसून देखरेख केली. तो म्हणाला, दाजी, एक तरी हातात घ्या. मी सांगितलं, पहिल्या दिवशी त्यांना माणसाचं टेन्शन नको.
मी कोंबड्यांना घाबरत नाही. सहाव्या वर्षी एक पिल्लांवाली अंगावर आली आणि मी दुपारपर्यंत कडब्याच्या गंजीवर बसून राहिलो, तो विषय वेगळा.

६ नोव्हेंबर
ज्वारी गच्चीवरून टाकली. दाणे शोधताना त्यांना व्यायाम होतो. पाणी खिडकीतून पाइपाने. थोडंफार भांड्यातही पडलं. जुन्यांतली तांबडी मान वाकडी करून वर बघत होती. लई बघते ती.
उज्वलाचा फोन. खुराड्यात जाऊन आलात का, विचारलं. आत्ताच आलो म्हणालो.
संकल्प : उद्या सात वाजता आत जाणे.

७ नोव्हेंबर, ७.१०
कडी काढली. तांबडी दारात आली. कडी लावली.
उद्या शनिवार. आमच्याकडे शनिवारी नवीन काम सुरू करत नाहीत. आजच ठरवलं.

८ नोव्हेंबर
शेजारच्या कमलम्मा भिंतीवरून म्हणाल्या, नव्या बाजूला घाण झाली आहे, झाडून काढा. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे असं सांगितलं. कोणत्या डॉक्टरांनी, हे त्यांनी विचारलं नाही. लग्नाला भालकीला निघाल्या होत्या, सोमवारी येतील. त्यांना थांबा म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ८
उपाय सापडला. मधल्या जाळीचं दार बाहेरून बांबूने उघडायचं. दोन्ही बाजू एक झाल्या की नवी बाजू झाडायचं कामच राहत नाही. ओळखीला आठ दिवस कशाला, चार दिवस पुष्कळ झाले.

८.२०
दार उघडलं. सगळं शांत. उगाच लांबवलं.

१०.००
अक्षर वाकडं येऊन राहिलं. वारा आहे.
साडेआठला तांबडीने पांढऱ्या तलंगेला कोपऱ्यात गाठलं. डोक्यावर टोचत होती. रक्त आलं तशा बाकीच्या जुन्या दोघीही धावल्या. मी बांबू आत घातला. तांबडी बांबूवर चढली. मी बांबू सोडला. आदिनाथचा फोन लागेना. उज्वलाला लावला. हा आवाज कशाचा, तिने विचारलं. टीव्हीचा, म्हणालो. पण पांढरी आता ओरडतही नव्हती.
"उज्वला, पांढरी मरायला लागली. मला आत जाता येत न्हाई. भीती वाटते."
लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा बोललो.
"रक्त दिसलं की त्या थांबत न्हाईत," ती म्हणाली. "तिथं तुमच्याशिवाय कोणी न्हाई. भीत भीत जावा, पण जावा."
हेल्मेट घातलं, रेनकोट घातला. आत पाय टाकला तशी तांबडी गुडघ्यावर आली. तोंडातून आपोआप निघालं, चला, पुढे सरका, पुढे सरका. ती सरकली का, माहीत नाही. डोळे मिटले होते. हाताला काहीतरी गरम लागलं ते छातीशी धरून बाहेर आलो. पांढरीच होती, थरथरत होती. की मी, ते कळेना.
जखमेवर हळद दाबली. स्वयंपाकघरात टोपलीत ठेवली आहे. दर पाच मिनिटांनी दुरून बघतो. बाकीच्या चौघी खुराड्यातल्या वरच्या दांडीवर चढून बसल्या आहेत.

१० नोव्हेंबर
पांढरीने चार दाणे खाल्ले. कमलम्मा आल्या, नव्या-जुन्या वेगळ्या करून जाळीचं दार बांधून गेल्या. मी रेनकोट घालून दाराबाहेर उभा होतो.
एकदा आत गेलो ते बरं झालं. भीती कायमची गेली.

१३ नोव्हेंबर, दुपारी ३
उज्वला आली. जखम सुकली, चांगलं जपलंत, म्हणाली. बाकीच्या चौघी आणि जुन्या तिघी जाळीला टेकून शेजारी शेजारी बसतात. सायंकाळी दार उघडणार आहे.
पांढरी मात्र तिकडे जायला तयार नाही. मी उठलो की उठते. बसलो की मांडीवर यायला बघते. सकाळी खांद्यावर उडी मारली. उज्वला म्हणाली, लळा लागला तिला तुमचा.
हे न्हाणीत बसून लिहितो आहे. आजची चौथी आंघोळ. दाराखालच्या फटीतून दोन पिवळे पाय दिसताहेत. तासभर झाला, हलत नाहीत.